पालकमंत्रिमहोदय, सायकलवर या, पण रोजच्या कपड्यांत

मा. पालकमंत्री, सांगली जिल्हा, यांना

स. न. वि. वि.

साहेब, मी विश्रामबागेत बायकांचे कपडे शिवते. 27 वर्षं झाली. दुकान छोटं, मशिनी दोन. घरापासून दुकान 3 किलोमीटर, आणि जाणं-येणं सायकलवर. साडी असेल तर साडीत, पंजाबी ड्रेस असेल तर ड्रेसमध्ये. पत्र सायकलबद्दल आहे, पण ते कात्री धरणाऱ्या हातानं लिहिलंय, हे आधीच सांगून टाकते.

दरवर्षी 3 जूनला, जागतिक सायकल दिनाला, कुठे ना कुठे रॅली निघते. पांढरे टी-शर्ट वाटतात. छातीवर घोषवाक्य, पाठीवर पैसे देणाऱ्याचं नाव. माप एकच, त्यामुळे मुलींना तो गुडघ्यापर्यंत येतो आणि पोट सुटलेल्यांना बेंबीपर्यंत. हिरवा झेंडा, फोटो, केळं, आणि नऊच्या आत सगळे आपापल्या गाडीवर घरी. त्या टी-शर्टांचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. मशीन पुसायला त्याच्यासारखं फडकं नाही.

माझी तक्रार टी-शर्टच्या कापडाबद्दल नाही (तीही आहे, पण राहू दे). सायकल ही वेगळे कपडे घालून, वेगळ्या दिवशी करायची गोष्ट आहे, हे आपण त्या टी-शर्टातून लोकांना शिकवतो, ही तक्रार आहे.

दुसरे वेगळे कपडेही आहेतच. पहाटे सांगली-मिरज रस्त्यावर अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांतली, गॉगल-हेल्मेटवाली मंडळी दिसतात. लोक त्यांना हसतात, मी हसत नाही. त्यांच्यातल्या एकांनी उसवलेली चड्डी शिवायला आणली होती, ती मी उलटी करून अर्धा तास बघत बसले. आसनात शिवणच नाही! आपण पायजम्याला जिथे चार टिपा एकत्र आणतो, नेमकं तिथे त्यांनी जाड गादी बसवली आहे आणि शिवणी बाजूला सरकवल्या आहेत. सगळी टीप सपाट, म्हणजे घासायला काही उरत नाही. वरचा शर्ट पाठीला लांब, पुढून आखूड, खिसे पाठीवर. उभ्या माणसाला तो बेंगरूळ दिसतो, पण हँडलवर वाकला की असा बसतो की वा! ताणला जाणारा लायक्राचा धागा 1958 साली अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. त्याआधी हे लोक लोकरीच्या चड्ड्या घालत आणि आत मऊ कातडं लावत. बेतण्याचं काम म्हणून मी त्या चड्डीला पैकीच्या पैकी मार्क देईन.

पण ते कपडे 100 किलोमीटर जाणाऱ्याचे. मारुती चौकातून भाजी घेऊन येणाऱ्या बाईचे नव्हेत, आणि सांगलीवाडीहून आयर्विन पुलावरून शाळेला येणाऱ्या मुलीचे तर नाहीतच.

आता दुकानातली सायकल बघा. मुलाला सायकल घ्यायला गेलात तर जाड टायरची, मधे स्प्रिंग असलेली, भडक रंगाची सायकल पुढे करतात. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, कधीकधी स्टँडसुद्धा नाही. हवं असेल तर वेगळे पैसे. ही जात जन्मली कॅलिफोर्नियात, 1970 च्या दशकात, जुन्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडणाऱ्या पोरांच्या हातून. तिथे ती शोभते. आमच्याकडे दंडोबा सोडला तर डोंगर आहे कुठे? सांगली ते मिरज रस्ता सपाट, अंतर 10 किलोमीटरच्या आत. कृष्णाकाठानं आपल्याला सायकलसाठी जमीन इस्त्री करून दिली आहे, आणि आपण त्या जमिनीवर डोंगराची सायकल दामटतो.

मडगार्डबद्दल मात्र एक कबुली. आमच्या मामांनी शेतात जायच्या सायकलचं मडगार्ड काढूनच टाकलं होतं. काळी माती पावसात चाकाला लागली की मडगार्डमध्ये गच्च भरते आणि चाक फिरेनासं होतं. मग सायकल खांद्यावर. म्हणजे इथे मडगार्ड हवं, पण टायरपासून चांगलं चार बोटं लांब. कारखान्यात बसलेल्या माणसाला हे कसं कळणार? त्याला सांगावं लागेल. आणि सांगायची ताकद एकट्या गिऱ्हाइकात नसते, हजार सायकलींचे पैसे मोजणाऱ्या सरकारात असते. म्हणूनच हे पत्र तुम्हाला.

माझ्या वडिलांची सायकल काळी, 24 इंची, दांडीची. डाव्या पायाला नाही पण उजव्या पायाला, पँटवर, स्टीलची क्लिप, कारण चेन उजवीकडे. शाळेत शिकवायला ते धुवट पांढऱ्या शर्टात जायचे आणि तसेच परत यायचे. दिवाळीआधी सायकलचं ‘ओव्हरऑइलिंग’ (आम्ही सगळे असंच म्हणायचो, ते ओव्हरहॉलिंग आहे हे फार उशिरा कळलं), छर्रे रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा ग्रीसमध्ये बसवायचे, वॉलट्यूब नवी, आरे घासून चकचकीत. नगरपालिकेचा पितळी बिल्ला हँडलखाली. सायकल मागे घेऊन, एक पाय पायडलवर ठेवून, दोन उड्यांत ते सीटवर बसायचे त्यात जी ऐट होती, ती पुढे त्यांच्या स्कूटरला कधी आली नाही. त्या ऐटीसाठी त्यांनी वेगळं काही घातलेलं नव्हतं. सायकलच त्यांच्या कपड्यांना सांभाळून घ्यायची: पूर्ण चेनकव्हर, रुंद मडगार्ड, ताठ बसता येईल असं हँडल.

सायकल आणि हा मुलूख यांचं नातं तसं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात धंदा मांडला तो सायकलींचा. नांगर, पंप सगळं नंतर. 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती आज आपल्याच जिल्ह्यात आहे. त्या काळी सायकल ही बड्या, हौशी माणसाची वस्तू होती. मग ती मास्तरांची झाली, मग दूधवाल्याची, आणि आता ‘बिचाऱ्या’ची. मागे एका कार्यालयात कामाला गेले तर पहारेकरी म्हणाला, “मावशी, सायकल बाहेर भिंतीला लावा, आत गाड्यांसाठी जागा आहे.” त्याची चूक नाही. आत स्टँडच नव्हता. मी सायकल भिंतीला लावली, काम करून आले तर हवा सोडलेली.

पण मूळ मुद्दा मुलींचा. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या एका बाईंची मुलगी आठवीत गेली. सातवीपर्यंत फ्रॉक-स्कर्ट, आठवीपासून गणवेशात ओढणी. जुलैत पुलाच्या चढावर वाऱ्यानं ओढणी मागच्या चाकात गेली. खरचटण्यावर निभावलं, पण सायकल बंद झाली. आता वडील मोटरसायकलवर सोडतात आणि त्यांची कामावरची पहिली पाळी दररोज चुकते की काय अशी धावपळ. गंमत बघा साहेब, त्याच मोटरसायकलच्या मागच्या चाकाला जाळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. मागे बसून जाणाऱ्या बाईच्या साडीची कायद्यानं काळजी घेतली. स्वतः सायकल चालवणारी मुलगी मात्र मोटार वाहनात बसत नाही, म्हणून त्या नियमातही बसत नाही.

यात नवीन शोधायचं काही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत बायकांच्या सायकलींना मागच्या मडगार्डपासून आसापर्यंत दोऱ्यांची जाळी ओवलेली असायची, काही तर क्रोशानं विणलेल्या. हॉलंडमध्ये, जिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, तिथे आजही रोजच्या सायकलला बंद चेनकव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी झाकण असतं. म्हणून तिथला वकील कोटात आणि आजी झग्यात सायकलवर बसते. मी त्या मुलीसाठी नायलॉनच्या दोऱ्याची जाळी विणून दिली. मडगार्डला बारीक भोकं पाडून घ्यायला सायकलवाल्यानं 20 रुपये घेतले, दोरा 60 रुपयांचा. विणायला दोन संध्याकाळी गेल्या. मुलगी परत सायकलवर आहे. मैत्रिणींना जाळी इतकी आवडली की आता लाल, मोरपंखी, जरीच्या दोऱ्याची अशा मागण्या आल्यात. सुरक्षिततेसाठी एकीनंही मागितली नाही, सगळ्यांना ती ‘भारी दिसते’ म्हणून हवी आहे. मला चालेल.

कपड्यांकडूनही थोडं जमवून घ्यावं लागतं. कुर्त्याचे बाजूचे कट दोन इंच वर घेतले की पायडल मारताना ताण येत नाही. सलवारीची मोहरी बेताची ठेवायची. आसनात चौकोनी ठिगळ घालायचं, जुने शिंपी घालायचे तसं, म्हणजे उसवत नाही. बाहीच्या दुमडीत आतून रेडियमची पट्टी लावायची: दिवसा बाही खाली, कुणाला दिसत नाही; संध्याकाळी दुमडली की मागच्या ट्रकच्या उजेडात चमकते. आणि खिसा. बायकांच्या कपड्यांना खिसा का नसतो यावर मी वेगळं पत्र लिहीन.

नऊवारीला यातलं काहीच लागत नाही, हेही सांगते. इंग्लंडात 1898 साली लेडी हार्बर्टन नावाच्या बाई ढगळ तुमान घालून सायकलवरून आल्या, म्हणून एका हॉटेलानं त्यांना बायकांच्या खोलीत जेवायला बसू दिलं नाही. कोर्टात प्रकरण गेलं, तिथेही त्या हरल्या. तिकडे पायांत फाटा असलेल्या कपड्यावरून खटला चालू होता तेव्हा इकडे माझी पणजी काष्टा मारून शेतात फिरत होती. सायकल मिळाली असती तर त्याच लुगड्यावर सुसाट गेली असती. पाचवारीनं आपल्याला अवघडून ठेवलं, असं माझं मत. गिऱ्हाईक नाराज होतं म्हणून दुकानात बोलत नाही.

तर साहेब, मागणं असं. मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. बिहारनं 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली 32 टक्क्यांनी वाढल्या असं अभ्यासकांनी मोजून दाखवलं. म्हणजे सायकल देणं बरोबरच आहे. पण कोणती सायकल, हे कुणी विचारत नाही. आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. जिथे सरकारी पैशानं सायकल येईल तिथे ती बिनदांडीची असावी, बंद चेनकव्हरची, मागच्या चाकाला जाळी, टायरपासून लांब मडगार्ड, दप्तर राहील एवढं कॅरिअर, डायनामो आणि घंटी. रंग मुलींना निवडू द्या. सगळ्यांना एकच गुलाबी दिली की ती ‘फुकटची सायकल’ म्हणून लांबून ओळखू येते, आणि दहावीतली मुलगी ती घरीच ठेवते. गणवेशात ओढणीऐवजी जॅकेट चालेल असं शाळांना सुचवा. काही शाळांत ते आहेच, मी दर मे महिन्यात शिवते. विट्याला यंत्रमाग आहेत, इचलकरंजी हाकेच्या अंतरावर, आणि शिवणाऱ्या बाया गल्लोगल्ली. कापडासाठी लांब जायचं कारण नाही.

सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याबद्दल आभार, जरी तो निर्णय दिल्लीचा असला तरी. आता प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या दारात, आत, पत्र्याखाली एक स्टँड टाका. साहेबांच्या गाडीशेजारी टाकलात तर उत्तम.

आणि पुढच्या रॅलीला टी-शर्ट छापू नका. तुम्ही या, पण जसे बैठकीला जाता तसेच या: कुर्ता-पायजमा, जॅकेट, पायात चपला. उजव्या पायाच्या क्लिपची काळजी करू नका. पायघेराचं माप कुणाकडून तरी कळवा, मी पट्टी शिवून ठेवते, आतून रेडियम लावून. पैसे घेईन, 40 रुपये.

कळावे,
आपली,
विश्रामबागेतली एक शिवणकामवाली