आधी चिप, मग लस

बर्लिन, 8 जून

ती. आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

खंड्याच्या लसीच्या पुस्तकाचे फोटो मिळाले. बाबा, घोळ झालाय. रेबीजची लस मार्चमध्ये टोचली आणि मानेत ओळखीच्या नंबराची चिप बसवली मेमध्ये. त्याला इथे माझ्याकडे आणायचं तर हा क्रम चालत नाही. चिपच्या आधीची लस हिशेबातच धरत नाहीत. लस टोचली ती याच कुत्र्याला, याचा पुरावा काय? चूक माझीच. घाईघाईत फोनवर नुसतं "दोन्ही करून घ्या" म्हणून मोकळी झाले.

आता लस परत द्यावी लागेल. टोचण्याआधी डॉक्टरांना मानेवर मशीन फिरवून चिप वाचायला सांगा आणि पंधराच्या पंधरा आकडे पुस्तकाशी ताडून घ्या. लसीनंतर निदान 30 दिवस थांबून रक्त काढायचं. ते युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासलं पाहिजे, रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडी दर मिलिलिटरला 0.5 युनिटच्या खाली नकोत. एवढं करूनही लगेच निघता येत नाही. रक्त काढल्यापासून तीन महिने त्याने तिथेच राहायचं. 12 जूनला लस दिली तरी ऑक्टोबरचा मध्य उजाडतोच. म्हणजे दिवाळी तुमच्याबरोबर, मग आम्ही दोघं निघू.

दादा-वहिनी ऑगस्टमध्ये येताहेत तर त्यांच्याबरोबरच पाठवतो, असं म्हणाला होतात. तेव्हा तीन महिने झालेले नसतील, आणि झाले असते तरी पंचाईतच होती. मालकाच्या आणि कुत्र्याच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं की तो व्यापारी माल ठरतो. आपला खंड्या आणि माल!

हे लोक उगाच छळत नाहीत. जंगलात कोल्ह्यांसाठी लस भरलेले खाण्याचे तुकडे टाकून टाकून 2008 मध्ये जर्मनी रेबीजमुक्त झाला. आपल्या गल्लीत काय परिस्थिती आहे ते बाबांना सांगायला नको.

आई, आता तुझी तुळस. ओल्या फडक्यात गुंडाळून वहिनीच्या बॅगेत ठेवू नकोस, मंजिऱ्यांची पुडीसुद्धा नको. डिसेंबर 2019 पासून रोप असो की बी, रोगकीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि मुळांची माती तर अजिबात चालत नाही. इटलीत 2013 मध्ये ऑलिव्हच्या झाडांवर एक जीवाणू सापडला. तो कॉफीच्या शोभेच्या रोपावरून आला असावा असं म्हणतात. लाखो झाडं वाळली. कढीपत्त्याचंही तेच, नुसती पानंसुद्धा प्रमाणपत्राशिवाय नकोत. प्रमाणपत्र नको अशी फळं पाचच: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. तेव्हा नारळ खुशाल दे. पेढे आणि तूप मात्र नको, दुधाचं काहीच चालत नाही. वहिनीला हे तूच सांग, माझं ती ऐकायची नाही.

तुळशीचं बी इथे दुकानात मिळालं. दह्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून पेरलंय. काल चार पानं दिसली, पण चुरगळून पाहिलं तर वास अजून आपल्यासारखा येत नाही. पाणी रोज घालू की एक दिवसाआड, तेवढं कळव.

तुमची,
ठमी

ता. क. खंड्याचा पिंजरा आत्ताच आणून ओसरीवर उघडा ठेवा. त्याला आत झोपायची सवय झाली पाहिजे. दार लावू नका.