आमच्या मिस्त्रीभाऊंना शाळेचे आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीभाऊ,
सप्रेम नमस्कार.

शाल-श्रीफळ घेण्यास आपण ठाम नकार दिलात आणि मानधनाचा विषय निघताच सायकलला टांग मारून निघून गेलात. म्हणून आमच्या द्विशिक्षकी शाळेच्या वतीने आपले आभार असे जाहीरपणे, लेखी मानावे लागत आहेत.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांकडून परसबागेचे वाफे आखून घ्यावेत, एवढीच विनंती मी आपल्याला केली होती. आपण खुंट्या ठोकून सुतळी ताणलीत, कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट आणि दुसऱ्या बाजूला ४ फूट अशा खुणा करायला लावल्यात आणि तिरपे अंतर मोजण्यासाठी टेप मुलांच्याच हाती दिलीत. ते अंतर नेमके ५ फूट भरेपर्यंत मुले खुंटी सरकवत राहिली. मग आपण कोपऱ्याला काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या लावून दाखवलात. पायथागोरसचा सिद्धान्त या मुलांच्या पुस्तकात यायला अजून बरीच वर्षे आहेत, परंतु मोठ्या वाफ्याची वेळ आली तेव्हा चौथीतील एका मुलीने विचारले, ‘६ अन् ८ घेतले तं जमन का?’ आपण ‘मोजून पाह्य’ एवढेच म्हणालात. तिरपे अंतर १० फूट भरले, आणि तिन्ही मापे दुप्पट केली तरी कोपरा हलत नाही, हे तिनेच वर्गाला समजावून सांगितले.

हातपंपाचे वाया जाणारे पाणी वाफ्यांपर्यंत आपोआप पोहोचेल का, हा प्रश्न आपण पारदर्शक नळीत पाणी भरून, तिच्या दोन्ही टोकांची पातळी पाहून सोडवायला लावलात. पहिल्या मापात वाफा हातपंपापेक्षा उंच निघाला, जरी डोळ्यांना उलटा उतार स्पष्ट दिसत होता. आपण खुणेनेच सर्वांना गप्प राहायला सांगितलेत, आणि बऱ्याच वेळाने नळीच्या मधोमध अडकलेला हवेचा बुडबुडा मुलांनीच शोधून काढला. तो निघाल्यावर पातळी खरी दिसू लागली आणि चर कुठून खणायचा यावरून मुलांत जे भांडण जुंपले, ते मी मुद्दाम मिटवले नाही.

तूर निघाल्यावर तुराट्यांचे मनोरे झाले. चौकोनी सांगाडा विटेच्या वजनाने कलंडतो, पण त्यातच एक तिरपी काडी बांधली की त्रिकोण तयार होऊन तो ताठ उभा राहतो. छपराच्या कैचीत आणि जागलीच्या मचाणाला तिरपे बांबू का असतात, हे मुलांनी त्यानंतर घरी जाऊन वडिलांना ऐकवले म्हणे.

मोकळेपणाने लिहिते. पाठ्यपुस्तकातील मापनाचा धडा वाईट नाही, परंतु त्यातील प्रत्येक लांबी आधीच मोजून छापलेली असते, त्यामुळे मुलाच्या वाट्याला केवळ बेरीज-वजाबाकी उरते. काय मोजायचे, कुठून मोजायचे आणि आलेल्या मापावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवण्याची संधी आपण या मुलांना दिलीत. आपल्याच वर्ध्याला १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला होता, डी.एड.ला असताना आम्ही तो परीक्षेपुरता पाठ केला, आणि तो प्रत्यक्षात कसा दिसतो हे मला आपल्या ओळंब्याने दाखवले.

वजाबाकीत हातचा विसरणारी दोन मुले आता टेपवरचे इंच चोख वाचतात. हातचा ती अजूनही विसरतात, तो माझ्याकडे लागला.

शाळा जूनअखेरीस उघडेल. दोडक्याच्या वेलींसाठी मांडव उभारायचा असून त्याचे चित्र मापांसह मुलांनी सुटीपूर्वीच काढून ठेवले आहे. त्यात मधल्या खांबाला आधार दिलेला नाही, असे मला वाटते. परंतु मी काही बोललेले नाही. आपल्याला सवड असेल त्या शनिवारी यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
शिक्षिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा,
जि. वर्धा