फ्रेंच शिकवायची तर वाङ्मयासह शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या वर्गांना परदेशी भाषा शिकवण्याविषयी आपल्या दैनिकाच्या सांगली आवृत्तीत नुकताच मजकूर आला. आपल्या भागातील काही महाविद्यालये फ्रेंच हा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) कौशल्य-विषय म्हणून सुरू करण्याच्या विचारात आहेत, असे त्यात म्हटले आहे. फ्रेंचचे वर्ग वाढणार याचा मला आनंदच आहे. परंतु ज्या रूपात हा विषय येऊ घातला आहे ते पाहता काही गोष्टी वेळीच मांडणे आवश्यक वाटते. मी सांगलीची रहिवासी असून फ्रेंचमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतल्यानंतर तासिका तत्त्वावर हा विषय शिकवते, एवढाच माझा अधिकार.

आधी तासांचा हिशेब पाहू. एका श्रेयांकाला १५ तास धरले, तर दोन श्रेयांकांचे ३० तास होतात. युरोपात भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या मानल्या जातात. त्यांपैकी पहिली गाठायलाच शंभरच्या आसपास तास लागतात, आणि फ्रेंच माध्यमातून शिकू इच्छिणाऱ्यांकडून तेथील विद्यापीठे साधारणपणे जी बी-२ पातळी मागतात, तिला पाचशे ते सहाशे तास द्यावे लागतात. तीस तासांत विद्यार्थी स्वतःचे नाव-गाव सांगू लागतो, वेळ विचारतो, उपाहारगृहात कॉफी मागतो. एवढ्यावर कौशल्याचे प्रमाणपत्र देऊन त्याला नोकरीची आशा दाखवणे ही त्याची दिशाभूल आहे.

अकरावी-बारावीला फ्रेंचचे जे झाले आहे ते पालकांना मुळीच नवे नाही. मराठीत गुण कमी पडतील म्हणून तिच्या जागी फ्रेंच घ्यायची, ठरावीक प्रश्नांची उत्तरे घोकायची, नव्वदच्या पुढे गुण मिळवायचे आणि निकाल लागला की पुस्तके रद्दीत घालायची. अशी मुले पुढे माझ्या वर्गात येतात तेव्हा त्यांना क्रियापदांचे तक्ते पाठ असतात, पण चार ओळींचे पत्र लिहिता येत नाही. मराठी टाळण्यासाठी निवडलेली फ्रेंच शेवटी दोन्ही भाषांचे नुकसान करते, हे मी फ्रेंचची शिक्षिका असूनही, किंबहुना म्हणूनच, स्पष्टपणे म्हणते.

याउलट विद्यापीठीय पातळीवर फ्रेंच म्हणजे भाषा, वाङ्मय आणि संस्कृती असा एकत्रित अभ्यास असतो. आज आपल्या मुलामुलींना त्यासाठी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात किंवा मुंबई विद्यापीठाच्या फ्रेंच विभागात जावे लागते. घरची परिस्थिती बेताची असेल, तर पुण्यातल्या खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च पाहूनच हा विचार मागे पडतो, आणि मुलींच्या बाबतीत तर तो अनेकदा घरात बोललाही जात नाही. मात्र सोय हवी एवढेच माझे म्हणणे नाही. हा अभ्यास सांगली-साताऱ्यात करण्याला एक विशेष अर्थ आहे, तो मांडण्यासाठी हे पत्र.

ज्या हरिपूरला आपण संगमावर फिरायला जातो, त्या हरिपुरात १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल जन्मले. त्यांचे 'संशयकल्लोळ' ठाऊक नसलेला नाट्यरसिक या नाट्यपंढरीत सापडणार नाही. हे नाटक आर्थर मर्फी या नाटककाराच्या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकावर बेतलेले आहे, हेही पुष्कळांना माहीत असते. पण मर्फीने आपले कथानक फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या 'स्गानारेल' या एकांकी प्रहसनावरून घेतले होते, ही कडी सहसा सांगितली जात नाही. भलत्याच्या हाती लागलेली एक तसबीर आणि तिच्यापायी नवरा-बायकोच्या डोक्यात शिरलेले संशयाचे भूत हा सगळा ऐवज मुळात मोलिएरचा. तो लंडनमार्गे आपल्याकडे आला आणि फाल्गुनराव-कृत्तिका होऊन इथलाच झाला.

स्गानारेलचे एक लांबलचक स्वगत मी आवर्जून वर्गात वाचते. बायकोच्या कथित प्रियकराचा सूड घ्यायला हा गृहस्थ मोठ्या आवेशात निघतो, आणि बोलता बोलता अशा हिशेबावर येतो की अब्रूसाठी जीव गमावण्यापेक्षा फसवला गेलेला नवरा म्हणून जिवंत राहिलेले बरे. अब्रू गेल्याने पाय वाकडा होतो की बांधा बिघडतो, असे तो स्वतःलाच विचारतो. मिरज आणि तासगावहून आलेल्या, प्रयोगाला आजी-आजोबांबरोबर बसलेल्या मुलांना इथे फाल्गुनराव आठवतो आणि भाषेचे निम्मे दडपण त्याच क्षणी उतरते. नंतर गोष्ट येते वृत्ताची. मोलिएरची ओळ बारा अक्षरावयवांची (सिलॅबलची), सहाव्यावर यती म्हणजे विराम घेणारी. अभंगाची अक्षरे मोजायची सवय असलेला विद्यार्थी ती बोटांवर मोजून दाखवतो, तर इंग्रजी माध्यमातून आलेल्याला तीच गोष्ट फळ्यावर खुणा करून समजवावी लागते. उच्चारात न येणारा शेवटचा स्वर पद्यात कधी मोजायचा आणि कधी सोडायचा, यावर मात्र सगळेच सारखे अडखळतात! मर्फीने या एकांकी पद्य प्रहसनाचे पाच अंक केले. त्या फुगवट्यातून देवलांनी काय ठेवले, काय टाकले आणि गाण्यांना जागा कुठे काढली, हा तीन भाषांतून करण्याचा अभ्यास सांगलीइतका अन्यत्र कुठे शोभेल? त्यासाठी मोलिएर मुळातून वाचणारे विद्यार्थी मात्र इथे तयार व्हायला हवेत.

उलट दिशेने झालेला प्रवासही आपल्याच परिसरातला आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ साली प्रसिद्ध झाला. फ्रेंच अनुवाद मात्र १९९१ सालीच झालेला होता. तो करणारे गी प्वातव्हँ हे मूळचे फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक. हेमा राईरकर यांच्यासह गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या ज्यांच्या प्रयत्नांतून गोळा झाल्या, तेच हे. म्हणजे फलटणच्या एका दलित स्त्रीचे जगणे इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचण्याच्या सतरा वर्षे आधी फ्रेंच वाचकांच्या हाती पडले. हा अनुवाद मुळाशेजारी ठेवून वाचण्याची सोय आज सातारा जिल्ह्यातल्या विद्यार्थिनीला नाही. बेबीताईंच्या बोलीचा ठसका फ्रेंचमध्ये कुठे टिकला आणि कुठे सपाट झाला, हे तिच्याइतके अचूक पॅरिसच्या प्राध्यापकालाही सांगता येणार नाही.

भाषाशास्त्राच्या बाजूनेही असेच आहे. मराठीच्या ऐतिहासिक जडणघडणीचा पायाभूत ग्रंथ फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्ये लिहिला आणि तो १९२० साली पॅरिसहून प्रसिद्ध झाला. वा. गो. परांजपे यांच्या अनुवादामुळे तो मराठी अभ्यासकांना लाभला, परंतु मूळ ग्रंथ वाचू शकणारा मराठीचा विद्यार्थी आपल्या भागात आज विरळा. मॉरिशसमधील मराठी समाज क्रिओल (फ्रेंचपासून घडलेली तिथली बोली) आणि फ्रेंच यांच्या सहवासात वाढतो. त्याच्याशी बोलायलाही हीच भाषा उपयोगी पडते.

संस्कृतीचा अभ्यास म्हणजे आयफेल टॉवर, पाव आणि चीज अशी समजूत पाठ्यपुस्तकांतल्या रंगीत चित्रांनी करून दिली आहे. विद्यापीठात याहून गंभीर गोष्टी शिकवायच्या असतात. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने सर्व माणसे जन्मतः समान असल्याचे सांगितले. पण त्यात आपण नाही, हे ओलांप द गूज या लेखिकेने १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहून दाखवून दिले आणि दोनच वर्षांनी ती गिलोटिनवर गेली. वसाहतींमधील गुलामगिरी १७९४ साली रद्द झाली, नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली आणि ती कायमची जायला १८४८ साल उजाडावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा शाळाप्रवेश १९०० साली साताऱ्यात झाला. त्याच बाबासाहेबांनी १९५४ सालच्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. हे विधान आणि १७८९ चा मजकूर शेजारी ठेवून साताऱ्यातल्या वर्गात जी चर्चा होईल, ती कोणत्याही आयात पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. सेनेगलचे सेंघोर, मार्टिनिकचे एमे सेझेर, अल्जीरियाच्या आसिया जेबार यांचे लेखनही याच अभ्यासात येते. आज तीस कोटींहून अधिक लोक फ्रेंच बोलतात आणि त्यांतला मोठा हिस्सा आफ्रिकेत आहे. फ्रेंच म्हणजे फक्त फ्रान्स हा समज तेवढ्यानेच गळून पडावा.

आता अध्यापनाच्या माध्यमाविषयी, कारण ही माझी सर्वांत जुनी तक्रार आहे. आपल्याकडे फ्रेंच सर्रास इंग्रजीतून शिकवली जाते आणि मराठी मुलाला जे उपजत कळले असते, ते त्याला नियम म्हणून पाठ करावे लागते. तू आणि तुम्ही हा भेद आपल्या भाषेत आहे, फ्रेंचमध्येही आहे, इंग्रजीत नाही. निर्जीव वस्तूंना लिंग असते याचे मराठी मुलाला नवल वाटायचे कारण नाही. आपण 'मी निबंध लिहिला' आणि 'मी चिठ्ठी लिहिली' असे म्हणतो. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आले की भूतकाळवाचक धातुसाधित असेच कर्माचे लिंग-वचन घेते. इंग्रजीतून शिकलेली मुले या नियमाला वर्षभर भितात. 'मी लिहिलेली चिठ्ठी' आणि 'मी लिहिलेला निबंध' ही दोन उदाहरणे फळ्यावर लिहिली, की बहुतेकांना तो पाच मिनिटांत उमजतो. 'जाई', 'करी' हा आपला रीतिभूतकाळ माहीत असला, तर फ्रेंचमधला अपूर्ण भूतकाळही फारसा परका राहत नाही. अवघड जाते ते लेखन, कारण देवनागरीत बहुतेक जसे बोलतो तसे लिहितो आणि फ्रेंचमध्ये निम्मी अक्षरे मुकी असतात. एका महाविद्यालयात मी मराठीतून टिपणे दिली, तेव्हा परदेशी भाषेच्या वर्गाचा दर्जा त्यामुळे घसरतो असे मला ऐकवण्यात आले. दर्जाची ही कल्पना मला आजही समजलेली नाही.

नोकऱ्यांचा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. पुणे-चाकणच्या वाहन उद्योगात जर्मनला अधिक मागणी असते, हे मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. फ्रेंचसाठी अनुवाद, अध्यापन, पर्यटन, फ्रेंच कंपन्यांची कार्यालये आणि आफ्रिकेशी चालणारा व्यापार ही क्षेत्रे आहेत. पण तिथे टिकतो तो बी-२ च्या पुढे गेलेला माणूस, आणि वाङ्मय वाचल्याशिवाय सहसा कोणी त्या पायरीच्या फार पुढे जात नाही.

विद्यार्थी पुरेसे मिळणार नाहीत, अशी महाविद्यालयांची शंका रास्त आहे. त्यावर उपाय असा की सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांनी मिळून एक आणि साताऱ्यातील महाविद्यालयांनी मिळून एक असा सामाईक वर्ग चालवावा. श्रेयांक हस्तांतराची व्यवस्था आता असल्यामुळे एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने दुसरीकडे विषय घेण्यात तत्त्वतः अडचण नाही. तिन्ही वर्षे चालणारा गौण विषय म्हणून प्रारंभ करावा, मुख्य विषयाचा विचार नंतर करता येईल. त्यासाठी निदान एक पूर्णवेळ पद हवे. दर जूनमध्ये नवा शिक्षक शोधायचा आणि मार्चनंतर त्याला विसरायचे, या पद्धतीत वाङ्मयाचा अभ्यासक्रम उभा राहत नाही. शिवाय अनुवादाची एक अभ्यासपत्रिका मराठी विभागाबरोबर संयुक्तपणे ठेवावी. मोलिएर आणि देवल, तसेच बेबीताई आणि प्वातव्हँ, या दोन जोड्यांनी तिची सुरुवात करता येईल.

पुढील वर्षाचा मसुदा अभ्यास मंडळापुढे जाण्यापूर्वी संबंधित महाविद्यालयांनी आपल्या मराठी विभागांना आणि या भागात तासिका तत्त्वावर फ्रेंच शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना एकदा चर्चेला बोलवावे, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा मराठी टिपणांसह माझ्याकडे तयार आहे. तो चर्चेसाठी देण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक फ्रेंच अध्यापिका,
विश्रामबाग, सांगली