आडनाव लावलंय, बाबा

आई-बाबा,
सविनय जय भीम.

फोनवर आडनावाचा विषय काढला की बाबा "जेवलीस का?" विचारून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. पीएच.डी.च्या नोंदणीत मी आपलं जुनं आडनाव लावलंय. फॉर्म गेलाही. सोसायटीत कुणी विचारलं तर सांगा, पोरीनं परस्पर केलं.

प्रबंधाचा विषयही थोडा बदललाय. जर्मन तत्त्वज्ञ कांट आहेच, पण सोबत, बाबा, तुमचा कप आहे. कान तुटलेला, बाहेरच्या कोनाड्यातला. घरमालकीण काकू वाईट नव्हत्या, तुम्हीच सांगता. तुम्हाला ताप आला तेव्हा पेज करून दिली, पण त्याच कपात. मी तिथंच अडकलेय. कांट 1785 साली लिहून गेला की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा. तो हेतूला महत्त्व देतो. काकूंचा हेतू तर चांगलाच होता, मग चुकलं कुठं? बाबासाहेबांनी 1936 साली नियम आणि तत्त्व यांत फरक केला, तो इथं उपयोगी पडतो. नियम पाळणाऱ्याला विचार करावा लागत नाही. काकू नियम पाळत होत्या.

कुणाकडे चहा झाला की तुम्ही अजून कप विसळायला उठता. लहानपणी मला वाटायचं, माझे बाबा किती स्वच्छ!

सेमिनारमध्ये एकानं विचारलंच, हे तत्त्वज्ञान की आत्मचरित्र? राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी 2002 मध्येच दाखवून दिलंय की आपल्याकडे सिद्धान्त मांडणारे वेगळे आणि अनुभव पुरवणारे वेगळे. मला दोन्ही करायचंय. आपण सोसलं म्हणून आपलंच खरं, असं मात्र नाही हं. उलटतपासणीला तुम्ही आहातच.

पुढच्या खोलीसाठी तुम्ही आडनाव बदललंत ते बरोबरच होतं. त्या खोलीमुळे तुमची नोकरी टिकली आणि मी शिकले. तुम्ही लपवलंत असं मी कुठंही लिहिणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर कपही काढते. आडनाव मात्र राहू दे.

माझी खोली उबदार आहे, कुकर आहे, तूरडाळ मिळते. स्वेटर पाठवू नका.

बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी, आठवेल तेव्हा नाही. आई, माळ्यावर चढायचं नाही, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

आणि आई, हे पत्र तू स्वतः वाच. बाबा मधलं गाळून सांगतील.

तुमची,
छकुली