तर्री, मिरची आणि अण्णांचा सोडा

प्रिय दिल्या,

गड्ड्याच्या जत्रेला येतो म्हणालास आणि टांग मारलीस, म्हणून मुद्दाम गप्प होतो. आता राग सोडतो, कारण हे फक्त तुलाच कळेल.

परवा रात्री छातीच्या मधोमध जाळ उठला, घशाशी आंबट पाणी. डोळ्यांपुढे अण्णांचीच रात्र. तू रिक्षा आणेपर्यंत ते ‘पित्त आहे रे’ म्हणत सोडा पीत बसलेले.

माझा ईसीजी चांगला निघाला. बाकी बरं.

डॉक्टर तरुण, समजावून सांगायची हौस असलेला. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं कडं असतं. गिळताना उघडतं, एरवी आवळलेलं. त्याच्यावर पोटातल्या हार्मोन्सचीही हुकमत चालते म्हणे. चरबीचं जेवण लहान आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं. ते पित्ताशय आकसवतं, जठर रिकामं व्हायला उशीर लावतं आणि वर हे कडं ढिलं करतं. सिक्रेटिन हे दुसरं हार्मोनही कडं ढिलंच करतं. गॅस्ट्रिन या तिसऱ्याचं उलटं: आम्ल वाढवतं, पण बाहेरून भरपूर दिलं तर कडं आवळतं.

म्हणजे बघ, तू जन्मभर मिरचीला शिव्या घातल्यास, मी तिची वकिली केली, आणि खरी आरोपी निघाली तर्री! (आधीच सोलवटलेल्या नळीला मिरची झोंबते, हे तुला सांगणार नव्हतो.) परवा शेतावर हुरडा, मग मटण, तर्रीवर बोटभर तेल, शेंगाचटणीवर पुन्हा कच्चं तेल, आणि जेवल्या जेवल्या मी आडवा. कडं तरी काय करणार?

पण दिल्या, जळजळ नळीची की काळजाची, हे घरी ओळखायचं कसं? डॉक्टर म्हणाला, ओळखत बसूच नका. दोन्हीकडच्या कळा बऱ्याचशा एकाच वाटेनं वर जातात, मेंदूही फसतो. घाम फुटला, दम लागला, हात किंवा जबडा दुखला, तर सोडा न शोधता थेट या. मग अण्णांना काय कळणार होतं? ‘तासभर आधी हलवायला हवं होतं’ असं तू दवाखान्याच्या पायरीवर म्हणालास, त्यावरून आपण वर्षभर बोललो नाही. आता रोज ढेकर आली तरी मी घाम आलाय का ते चाचपतो. बायको हसते. तू हसणार नाहीस.

वहिनींची बदली झाली का? पिंट्याची दहावी ना यंदा?

आलास तर आठच्या आत ये. त्यानंतर मला जेवायची बंदी आहे. कडक भाकरी मिळेल, चटणीवर तेल तुझं तू घाल.

तुझा,
बाळ्या