नेट न्यूट्रॅलिटी: अमेरिकी राज्यांचा पवित्रा

महोदय,

इंटरनेट कंपन्यांनी कोणत्याही संकेतस्थळाबाबत दुजाभाव करू नये, हे नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व अमेरिकेत आज प्रामुख्याने राज्यांच्या कायद्यांवर तगून आहे. तेथील संघीय दूरसंचार आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये यासंबंधीचे नियम रद्द करताना राज्यांनाही असे नियम करण्यास मनाई केली होती. ती सरसकट मनाई २०१९ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळली. आयोगाने २०२४ मध्ये पुन्हा आणलेले नियमही जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयात टिकले नाहीत.

यातील राजकारण मात्र वरवर दिसते तेवढे सरळ नाही. मार्च २०१८ मध्ये असा कायदा सर्वप्रथम करणाऱ्या वॉशिंग्टन राज्यात रिपब्लिकन सदस्यांनीही त्याच्या बाजूने मते दिली, तर ट्रम्प यांना कौल देणाऱ्या मोंटानात डेमोक्रॅट गव्हर्नर स्टीव्ह बुलक यांनी सरकारी कंत्राटांनाच ही अट जोडली. एरवी राज्यांच्या अधिकारांचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या अनेकांनी येथे केंद्राच्या मनाईची पाठराखण करावी, ही विसंगती मला गंभीर वाटते.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मोबदला घेऊन एखाद्या अ‍ॅपचा डेटा मोफत ठेवण्यावरही बंदी घातली. आपल्या ट्रायने (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) फेब्रुवारी २०१६ मध्ये याच दिशेचा नियम देशभर लागू केला. परंतु दूरसंचार हा आपल्याकडे केंद्रसूचीतील विषय असल्याने, हा नियम उद्या सैल झाला तर महाराष्ट्राला कॅलिफोर्नियाची वाट मोकळी नाही. म्हणूनच त्यातील कोणत्याही बदलापूर्वी ट्रायने राज्याराज्यांत खुली सुनावणी घ्यावी.

— एक वाचक, नाशिक