ग्रंथालयांत विकिपीडिया-लेखन शिकवा

महोदय,

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तरी त्यात आपणही लिहू शकतो हे पुष्कळ वाचकांच्या गावीही नसते. मुंबईतील ग्रंथालयांनी नवशिक्यांसाठी रविवारी संपादन-वर्ग भरवावेत. विकिपीडियावर स्वतःच्या आठवणी चालत नाहीत, प्रकाशित, विश्वासार्ह आधार लागतो, आणि तो १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांच्या कपाटांतच आहे. गिरणगावावरचे जुने पुस्तक उघडायचे, एखाद्या लेखात एक वाक्य संदर्भासह घालायचे. पहिल्या दिवशी एवढे खूप झाले. नवा लेख लिहिण्याचा हट्ट नको. सरावाला ‘धूळपाटी’ हे विकिपीडियावरचे मोकळे पान असतेच.

एक व्यावहारिक अडचण मात्र आयोजकांनी ध्यानात घ्यावी. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला साधारण सहाच नवी खाती उघडता येतात. सातवा माणूस खोळंबतो, आणि वर्गाचा रसभंग होतो. तेव्हा सहभागींना घरूनच खाते उघडून यायला सांगावे किंवा आधी अर्ज करून सवलत मागावी. मराठी टंकलेखनाला थोडा जास्त वेळ ठेवावा. ज्येष्ठ सभासद तिथेच अडतात, बाकी माहितीत ते तरुणांना भारी आहेत. लॅपटॉप नसला तरी मोबाइलवर काम भागते.

– एक वाचक, दादर